लेगहॉर्न नावाचं बंदर

बाबा, हे लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. आधी शिफ्टचं कारण होतं, मग मोबाईलवर मराठी टाइप करायचा कंटाळा, मग म्हटलं पेनानेच लिहू तर पेन सापडेना, आणि आज पेन सापडलं तर समोरच्या शेडवर बसलेल्या पांढऱ्या कॉकॅटू पोपटांची भांडणं बघण्यात अर्धा आर्व्हो, म्हणजे इथली दुपार, गेला. तुम्हीच म्हणायचात ना, या पोरीला मीठ आणायला पाठवलं तर ही सर्कस बघून येईल आणि मीठ तेवढं विसरेल. अजून तशीच आहे. फक्त मीठ आणायला सांगणारं घर आता जवळ नाही.

तर आई क्रूझला निघालीये. खरंच. आपली आई, जिला मांडवीहून होडीत बसवलं तर ती डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची, ती. ताईने आणि जिजूंनी तिच्या साठीचं म्हणून ठरवलं. ताई कॅनबेराला गुंगालिनला असते, सरकारी ऑफिसात, जिजू कॉम्प्युटरमधले, त्यांचा एक मुलगा आहे जो मराठी समजतो पण उत्तर इंग्लिशमध्येच देतो, आणि आई त्यांच्याकडे असते. ताईचं म्हणणं होतं सिडनीहून बोटीत बसायचं, फिजीला जाऊन यायचं, विमान नको, दगदग नको. आई म्हणाली, इटली. ताईला वाटलं टीव्हीवर काहीतरी बघितलं असेल. मला तसं वाटलं नाही. आईने ‘इटली’ कसं म्हटलं ते मी फोनवर ऐकलं होतं. नेमकी एकच साडी दाखवा म्हणून दुकानदाराला सांगते ना, तसं.

जहाज इटलीतली बंदरं घेत जाणार, दर बंदरात काही तास थांबणार, आणि त्या तासांत काय काय बघायचं ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. कारण मी भटकी. युनी मी अर्ध्यात सोडलं, त्यानंतर कुठे द्राक्षं तोड, कुठे हॉस्टेलच्या चादरी बदल, असं करत फिरतेय. ताई म्हणाली, “तुला या सगळ्यातलं कळतं, नाहीतरी दुसरं काय करतेस?” ताईचं कौतुक नेहमी असंच शेपटीला काटा लावून येतं. पण खरं सांगते, मला थोडं कळतं. डार्विनला मी बंदराजवळच्या कॅफेत होते. मोठं जहाज लागलं की माणसांचा लोंढा उतरायचा, सगळ्यांना मगर बघायची असायची, सगळ्यांना म्युझियम बघायचं असायचं, आणि बाहेरच्या उकाड्यात दहा पावलं टाकली की निम्मे आमच्या एसीत येऊन बसायचे आणि वायफाय मागायचे. संध्याकाळी जहाजावर परत. डार्विन बघितलं म्हणून घरी सांगत असतील. तेव्हापासून जहाजातून उतरून ‘बघितलं’ म्हणणाऱ्या कुठल्याही माणसावर माझा विश्वास नाही. त्यात तुम्हीही आलात, बाबा. रागावू नका, पुढे सांगते.

तर मी त्या क्रूझवाल्यांचा कार्यक्रम उघडला आणि पहिल्यांदा मला त्यांचाच संशय आला. मोठ्या अक्षरात लिहिलंय रोम. जहाज रोमला जातच नाही. रोमला समुद्र कुठाय? ते थांबतं चिवितावेक्किया नावाच्या भलत्याच गावी, तिथून बसने स्टेशन गाठायचं आणि मग तासाभराची ट्रेन. दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरात फ्लॉरेन्स, पिसा. तिथेही जहाज जात नाही, खाली बारीक अक्षरात लिव्होर्नो. म्हणजे एक नाव मिरवायला आणि एक उतरायला. मी ठरवलं की आईला धावायला लावायचं नाही. एका बंदराला एकच गोष्ट. नेपल्सला बंदरातून चालत बाहेर पडायचं, किल्ला बघायचा, कॉफी प्यायची, परत. पॉम्पेई नको, तिचे गुडघे दगडांवर बोलतील. मेसिनाला दुपारी बाराच्या ठोक्याला चर्चच्या मनोऱ्यावरचा सिंह डरकाळी फोडतो आणि कोंबडा आरवतो, तेवढं बघायचं. कोंबडा वाचून मी जरा थबकले. मग पुढे गेले.

रविवारी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना वाचून दाखवलं. जिजूंना पिसाचा कलता मनोरा हाताने धरून ठेवल्याचा फोटो हवाच होता. आई शांतपणे शेंगा सोलत होती. मी संपवलं तशी म्हणाली, “ते सगळं ठीक आहे. लेगहॉर्न कुठल्या दिवशी?”

ताईने जिजूंकडे बघितलं.

“आई,” ताई म्हणाली, “असं बंदर नाहीये. मी मागेच नेटवर बघितलं. नुसत्या कोंबड्या आल्या.”

“आजी, इट्स अ चिकन,” भाचा खालून ओरडला.

“मला माहितीये ती कोंबडी आहे,” आई म्हणाली. “माझ्या दिराच्या शेडमध्ये हयात गेली माझी त्या कोंबड्यांची अंडी पुसण्यात. मला सांगू नका. हे म्हणायचे तिथे अडकलो होतो, तर ते बघायचंय. नसलं तर नाही म्हणून बघायचंय.”

नसलं तर नाही म्हणून बघायचंय. बाबा, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा चौथीत होते. तुम्ही कुठल्याशा जुन्या जहाजावर इंजिनात ऑइलर म्हणून गेला होतात आणि ठरलेल्या वेळी आलाच नाहीत. फोन आला तो काकांच्या दुकानात. काका म्हणजे तुमचा धाकटा भाऊ, शहराबाहेर पोल्ट्रीची शेड आणि नाक्यावर अंड्यांचं दुकान. लाईन खरखरत होती, काकांनी स्पीकर लावला, दुकानात गिऱ्हाइकं उभी, आई उभी, मी आईच्या पदराला. तुम्ही ओरडून सांगत होतात की जहाजाचा मालक कर्जात बुडाला, जहाज अडकवून ठेवलंय, कधी सुटेल सांगता येत नाही. काका म्हणाले, “कुठे?” तुम्ही म्हणालात, “लेगहॉर्नला.” आणि काका हसले. “दादा, अरे लेगहॉर्न तर माझ्या शेडमध्ये भरल्यायत. एवढ्या लांब कशाला गेलास?” सगळं दुकान हसलं. मीपण हसले असेन. आई हसली नाही. ती फोनकडे बघत होती, जणू त्यातून तुमचा चेहरा दिसणार होता.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत, आठवतात ते शब्द. मुंबईच्या एजंटाने ऑफिसच बंद केलं होतं, विचारणार कुणाला? आत्या म्हणायची, जहाजबिहाज काही नाही, माणूस कुठेतरी मजेत आहे. काका आईला बघून हाक मारायचे, “वहिनी, दादाची कोंबडी काय म्हणते?” त्यांना तो विनोद वाटायचा. त्यांच्या मनात खरंच पाप नसेल. पण ‘कोंबडी’ या शब्दाला आपल्याकडे दुसरा, बाईचा वास आहे तो मला तेव्हा कळत नव्हता, आईला कळत होता. आपल्या घरात अंडं यायचं बंद झालं. शेड दिराची, अंडी फुकट, तरी बंद.

मग तुम्ही आलात, वाळलेले, दाढी पांढरी. माझ्यासाठी निळ्या काचेचा एक मासा आणला होता. तो अजून माझ्याकडे आहे, आत्ता या टेबलावर आहे, डार्विनच्या हॉस्टेलात त्याची शेपटी तुटली. आणि आल्यावर दुसऱ्यातिसऱ्या दिवशी तुम्ही चक्क स्वयंपाकघरात शिरलात. तुम्ही, ज्यांना चहाचं आधण कळत नव्हतं. मिरकरवाड्यावरून तऱ्हेतऱ्हेचे मासे आणलेत, थोडी माकुलं, दोन कोळंब्या, काटेरी काहीतरी जे आई कधी घेत नसे. टोमॅटो चिरलेत, लसूण ठेचलीत. आई दारात उभी राहून विचारतेय, “खोबरं नाही? कोकम नाही? हे कसलं कालवण?” तुम्ही कालचे पाव तव्यावर कडक भाजताय, त्यावर कच्ची लसूण चोळताय, ताटलीत खाली पाव ठेवून वरून लाल रस्सा ओतताय. “काचुको म्हणतात याला,” तुम्ही सांगताय, आणि तुमच्या चेहऱ्यावर असा आनंद आहे की मी पण हात धुऊन बसलेय.

“कोणी शिकवलं?” आई विचारते.

“तिथली एक बाई होती. आम्हाला जहाजावर पाव आणून द्यायची.”

आईने आवाज न करता गॅसवर दुसरी कढई ठेवली आणि स्वतःपुरतं पिठलं केलं.

रात्रीच्या त्या जेवणाला मी विचारलं, बाबा, असं बंदर खरंच आहे का? तुम्ही माझ्यावर खेकसलात, तुमचं मला ते एवढंच खेकसणं आठवतं, “नकाशा आहे ना शाळेचा? बघ की त्यात!” मी नकाशा आणला. इटलीचा बूट सापडला. रोम सापडलं, व्हेनिस सापडलं, ‘ले’ कुठेच नाही. “नाहीये,” मी म्हटलं. तुम्ही म्हणालात की आमचा म्हातारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, लेगहॉर्न म्हणायचा, त्याचं ऐकून आम्ही सगळे तेच म्हणायला लागलो, तिथले लोक वेगळं काहीतरी म्हणतात. तुम्ही ते दुसरं नाव सांगितलंतही. मला ते लक्षात राहिलं नाही, लक्षात राहिलं ते आईचं बोलणं. ती ताटावरची नजर न उचलता म्हणाली, “आधी एक नाव, आता दुसरं. खऱ्या गावाला एक नाव पुरतं.” त्यानंतर तुम्ही त्या गावाबद्दल पुन्हा कधी बोलला नाहीत. आणि मी सातवीत असताना गेलात. मधली वर्षं आई तुमच्याशी बोलायची, पण जेवायला या, पाणी गरम आहे, लाईट बिल आलंय, एवढंच. हार्ट अटॅक आला तेव्हा ती काकांच्या दुकानात होती.

मी पण तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. ताई मोठी, ती त्यातून बाहेर पडली, अभ्यास केला, व्हिसा मिळवला, लग्न केलं. मी मात्र कुणी मला कुठून आलो, कुठे होतो हे सांगायला लागलं की मनातल्या मनात तपासत बसते. इथेही माझ्या डोक्यात तेच चालायचं, हा मित्र खरंच सिडनीला गेला होता का, ही मैत्रीण आजारी होती म्हणते ते खरं का. दोन चांगली माणसं मी यातून घालवली. ते असो.

आता मुख्य गोष्ट. मी सध्या मेलबर्नजवळ वेरिबीला आहे, पण जिथे आपले लोक राहतात त्या नव्या घरांच्या बाजूला नाही, खाली समुद्राकडे, जिथे फ्लॉवर-ब्रोकोलीची शेतं आहेत. शेतं बरीचशी जुन्या इटालियन कुटुंबांची. मी पॅकिंग शेडमध्ये काम करते आणि शेताच्या म्हातारीच्या घरामागे एक खोली आहे तिथे राहते. तिला सगळे नोन्ना म्हणतात, म्हणजे आजी. मुलगे शेत बघतात, ती मुलग्यांना बघते. ती इटालियन आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी तिला प्लॅनबद्दल काही विचारलं नव्हतं. मला वाटायचं ती उगाच आपल्या गावची बढाई मारेल.

परवा तिचा पाय दुखत होता म्हणून तिने मला कोंबड्यांची अंडी काढायला मागे पाठवलं. पांढऱ्या शुभ्र कोंबड्या, लालभडक तुरा एका बाजूला पडलेला. मी लहानपणापासून ओळखते त्यांना. टोपली घेऊन आले आणि सहज बोलून गेले, “नाइस लेगहॉर्न्स, नोन्ना.”

ती खवळलीच. “नो लेगहॉर्न! लिव्होर्नेझे! इंग्लिश माणसाला जीभ वळत नाही म्हणून आम्ही नाव बदलायचं? माझ्या गावच्या आहेत. लिव्होर्नो. त्यांनी गावालाही लेगहॉर्न केलं आणि कोंबडीलाही. तुला माहीत नाही?”

मी टोपली खाली ठेवली. लि. लिव्होर्नो. बारीक अक्षरातलं. तुम्ही सांगितलेलं ते दुसरं नाव मला टोपलीला पाय अडखळावा तसं अचानक आठवलं.

मी तिला पोलिसासारखं विचारत सुटले. तिथे माशांचं काही करतात का? तळाशी पाव? “काच्चुक्को,” ती म्हणाली आणि माझा उच्चार मला तीनदा म्हणायला लावून दुरुस्त केला. नावाच्या स्पेलिंगमध्ये जितकी ‘सी’ अक्षरं तितक्या जातीचे मासे हवेत, म्हणाली, आणि पावावर लसूण चोळली नाही तर ते सूप, काच्चुक्को नव्हे. मग मी विचारलं, जहाजं अडकली तर खलाशांना पाव कोण नेऊन द्यायचं? “चर्चच्या बायका. माझी मोठी बहीण पण जायची, पायाला वात असून. सगळ्या म्हाताऱ्या. तरण्यांना वेळ कुठला?” आणि ती हसली, कारण मी का विचारतेय हे तिला कळलं होतं, मेली भारी हुशार आहे.

मला इतकं हलकं वाटलं बाबा, की मी शेडमध्ये जाऊन उभीच राहिले. ब्रोकोलीचा पट्टा पुढे सरकत होता आणि माझ्या हातून क्रेट भरायचं राहिलं, सुपरवायझर म्हणाला, “यू राइट, मेट?” मी म्हटलं, नो वरीज. आणि लगेच, त्याच मिनिटाला, दुसरा किडा वळवळला. नोन्नाला ते गाव सोडून किती काळ झाला. तुमच्या वेळी तिथे कोण बाई होती, म्हातारी होती की नव्हती, हिला काय माहीत? म्हाताऱ्या बायका पाव देतात. पण रस्सा करायला उभं राहून शिकवायचं म्हणजे कुणाच्यातरी स्वयंपाकघरात जावं लागतं. बघा. गाव खरं निघालं तर मी बाईवर आले.

तेव्हापासून मी आईचे फोन टाळतेय. प्लॅनमध्ये त्या दिवसाच्या पुढे अजून पिसाच लिहिलंय. मी तिला सांगितलं नाही तर ती तुम्हाला खोटारडा समजूनच तो मनोरा बघून येईल, आणि तिच्या पायाखाली नेमकं तेच बंदर असेल. आणि सांगितलं तर? तर गाव आहे, कालवण आहे, दुसरं नावही आहे, तुम्ही एक शब्द खोटा बोलला नव्हतात. मग ती जेवायला या, पाणी गरम आहे, लाईट बिल आलंय ही वर्षं, ती घेऊन ती कुठे जाणार? साठीच्या बाईला असलं काही वाढदिवसाला द्यावं का? ताईला फोन केला, तिला सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आईला मी काही सांगणार नाही.” ताई असं म्हणते तेव्हा ती सांगते. यात माझा संशय चुकत नाही.

काल मी फोनवर त्या गावाचे फोटो बघितले. कालवा आहे, कालव्याच्या काठाला मोठं छप्पर असलेला बाजार आहे, आत उंच खिडक्या. जहाजापासून शटल बस गावात सोडते, बाजार तिथून चालत जाण्यासारखा. मी पिसा खोडलं. जिजूंनी मनोरा धरायला एकट्याने ट्रेनने जावं, जवळच आहे. आईच्या पुढे मी नुसतं गावाचं नाव लिहिलं, दोन्ही नावं लिहिली, आणि पुढचे सगळे तास मोकळे ठेवले. अजून पाठवलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं, म्हणजे सांगायचं नव्हतं. हा फोन माझ्या हातात सदा असतो. जगातलं काय काय मी यावर शोधलंय, कुठल्या बेटावर कुठला पक्षी ओरडतो ते सुद्धा. ते एक नाव मी कधीच टाइप केलं नाही. ताईने निदान टाइप तरी केलं, कोंबड्या बघून बंद केलं. मी केलंच नाही. तुम्ही खोटे निघाल याची भीती होती असं मी स्वतःला सांगायचे. आता वाटतं, तुम्ही खरे निघाल याचीच जास्त होती.

थांबा. मागे कोंबड्यांनी गलका केलाय. फाटक वाजलं. नोन्ना कुणाशीतरी मोठमोठ्याने बोलतेय, हातवारे करत, आणि समोरचं माणूस तितक्याच मोठ्याने मराठीत उत्तर देतंय. बाबा, आई आहे. ताईने सांगितलंच. गुंगालिनला घरासमोरच्या ट्राममध्येही जी ताईशिवाय चढत नाही ती आई, एकटी, रात्रभराच्या बसने आल्यासारखी चुरगळलेली, हातात माशांची पिशवी, पाणी गळतंय तिच्यातून. माझ्याकडे बघतही नाहीये. ती जाळीपाशी वाकलीये, आणि विचारतेय, “या कुठल्या गं कोंबड्या?”